सावद्याचा उन्हाळा, माडीवरची खोली आणि कॉम्प्युटरचं कस्टम वॉटर कूलिंग

केळीबाग | ६ एप्रिल, रात्री ११:४०

मंडळी, मागच्या मे महिन्यात मी इथे रडगाणं गायलं होतं, आठवत असेल. रात्री रेंडर (आर्किटेक्टच्या आराखड्यावरून बंगल्याची चित्रं बनवायचं कॉम्प्युटरचं काम) लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघावं तर काम अर्धंच. ग्राफिक कार्ड तापून आपणहून वेग कमी करून बसलेलं. त्यावर "एसी बसव"पासून "पुण्याला निघून जा"पर्यंत सगळे सल्ले मिळाले. पुण्याला गेलो नाही. एसीचं म्हणाल तर खोली माडीवरची, वर उघडा स्लॅब, तो रात्री दोनपर्यंत आग ओकतो. एसी रात्रभर चालवला तर आर्किटेक्टकडून मिळणारे पैसे वीजबिलातच जायचे. म्हणून यंदा होळी झाल्याबरोबर वॉटर कूलिंगचं मनावर घेतलं. लिहून ठेवतो, कारण मला सापडलेली सगळी माहिती अशा लोकांची होती ज्यांच्या खोलीत बारा महिने २२ अंश असतात.

मशीन: प्रोसेसर राइझेन ९ ५९५०एक्स, आणि सेकंडहँड घेतलेलं ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०९०. कार्ड ३५० वॅट खातं, प्रोसेसर पूर्ण जोरात १४२. म्हणजे ५०० वॅटची शेगडी रात्रभर पेटलेली. ३०९० ची खोड अशी की तिच्या मेमरीच्या २४ चिपांपैकी १२ कार्डाच्या पाठीमागे आहेत, तिकडे पंख्याची हवाच पोचत नाही. मागच्या मेमध्ये मेमरी ११० अंशांवर चिकटून असायची. ११० ला कार्ड हात वर करतं.

पाणी हे नुसतं हमाल आहे, हे आधी डोक्यात पक्कं करा. चिपवरची उष्णता उचलायची, रेडिएटरपर्यंत न्यायची, पंख्याच्या हवेच्या हवाली करायची. खोलीत ४० असेल तर पाणी ४० च्या खाली जाणार नाही, पाच रेडिएटर लावा की पन्नास. मी हिशेब धरला तो पाणी खोलीपेक्षा १० ते १२ अंश वर राहील असा. म्हणजे मेमध्ये खोली ४०, पाणी ५२. खानदेशी अडचण इथूनच सुरू होते. डी५ जातीच्या पंपाला पाण्याची मर्यादा ६० अंशांची. आणि व्हिडिओत दिसतात ते काचेसारखे पीईटीजीचे कडक पाइप ६० च्या आसपास नरम पडू लागतात, फिटिंगमधून सरकतात. दिसायला राजेशाही, पण आपल्याकडे नकोच. मी काळा ईपीडीएम रबराचा पाइप घेतला, आतून १० मिमी, बाहेरून १६. घरच्या शेतीवाल्या आप्पांनी हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "ही तर लॅटरल आहे!" ड्रीपची लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणारी ठिबकची नळी, तीही १६ चीच. तिथून पुढे आप्पा या कामात शिरले ते शिरलेच.

सामान: प्रोसेसरचा ब्लॉक (चिपवर बसतो, आतून पाणी फिरतं), कार्डाचा पुढून-मागून झाकणारा ब्लॉक, ३६० मिमीचे दोन रेडिएटर (एक ३० मिमी जाड, एक ४५), पंप आणि टाकी एकत्र असलेला नग, सहा पंखे, फिटिंग चौदा. फिटिंगचा खर्च कोणी धरत नाही. एकेक नग कांद्याच्या किलोसारखा वाटतो आणि बेरीज केली की रेडिएटरला मागे टाकतो.

जोडणीचं सगळं सांगत बसत नाही, दोनच ठिकाणी अडकलो ते सांगतो.

पहिलं, गळती. पाणी भरण्याआधी हवा भरून बघायची असते. छोटा हातपंप आणि वर घड्याळ असलेलं टेस्टर मिळतं. अर्धा बार हवा भरली. पंधरा मिनिटांनी काटा ०.३८ वर. म्हणजे कुठेतरी हवा जातेय. पंक्चरवाल्यासारखी टबात बुडवायची सोय नाही. मग एकेक तुकडा सुटा करून, टोकाला बूच लावून तपासला. पाऊण तासाने कार्डाच्या ब्लॉकवरचं एक फिटिंग सापडलं. उघडून बघतो तर आट्यांवर पांढरी टेफलॉन टेप, तीन वेढे, अगदी मायेने गुंडाळलेली. मी जेवायला खाली गेलो तेवढ्यात आप्पांनी काम केलं होतं. त्यांचं चूक नाही, आयुष्यभर विहिरीवर तेच केलंय. पण या फिटिंगचे आटे समांतर असतात, नळासारखे निमुळते नाहीत. पाणी अडवते ती बुडाशी असलेली रबरी ओ-रिंग. टेपेमुळे फिटिंग शेवटपर्यंत बसलंच नाही, रिंग दबली नाही. शिवाय टेपेचा धागा सुटून आत गेला तर ब्लॉकच्या बारीक चिरांमध्ये अडकणार, कारण त्या चिरा कंगव्याच्या दातांपेक्षाही बारीक. मी आप्पांना म्हटलं, ड्रीपच्या सबमेनला (लॅटरलना पाणी देणाऱ्या जाड पाइपाला) भोक पाडून ग्रोमेट (रबरी कडं) बसवतो, त्याला टेप लावतो का? "नाही लावत." मग हे ग्रोमेटच. तेव्हा पटलं. फिटिंग हाताने घट्ट, वर जेमतेम पाव फेरा. पान्हा चालवाल तर अ‍ॅक्रिलिकला चीर जाते.

दुसरं, पाणी. दुकानातून "डिस्टिल्ड" लिहिलेलं बॅटरीचं पाणी आणलं. आरओवाल्याचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं) घरी होतं, सहज बुडवलं तर ६४! आमच्या बोअरचं ९०० दाखवतं, त्या मानाने गंगाजळ, पण डिस्टिल्ड म्हणून विकायचं आणि ६४? दुकानदाराचं नाव घेत नाही. त्याने बाटली उलटी फिरवून लेबल दाखवलं, एवढंच. मग जळगावला प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथून कॅन आणला. तो १ दाखवतो. त्यात गंजरोधक आणि शेवाळ मारणारं औषध असलेलं कॉन्सन्ट्रेट मिसळलं. ते मिसळल्यावर मीटर भलतंच काही दाखवेल, घाबरू नका.

भरताना मदरबोर्ड आणि कार्डाच्या पॉवर केबल काढून ठेवल्या, फक्त पंप चालू. त्यासाठी पॉवर सप्लाय भिंतीतून काढून, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर एका काळीशी जोडायची, मग बटण दाबायचं. पंप सेकंदभरही कोरडा चालवायचा नाही, त्याचं बेअरिंग पाण्यावरच चालतं. शेतातली मोनोब्लॉक मोटर कोरडी चालली की सील जळतं, तसंच. टाकी भरायची, दोन सेकंद पंप, बंद, परत भरायची. हवेचे बुडबुडे निघायला केस पुढे-मागे कलती करावी लागते. आप्पांनी एका बाजूने धरली, मी दुसऱ्या. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर. चोवीस तास ठेवलं. कोरडे राहिले.

सध्या खोली ३५, पाणी ४५, कार्ड ५७, मेमरी ८१. खरी परीक्षा मेमध्ये. तेव्हा आकडे टाकतो.

पांझराकाठ | ७ एप्रिल, सकाळी ८:१२

भो, बठ्ठं वाचं. मन्हं डोकंच फिरी गयं. एकच सांग, कितला लागनात? इतला पैसामा दारशी दुभती म्हैस उनी व्हती!

केळीबाग | ७ एप्रिल, सकाळी ८:३०

म्हशीची चौकशी आईनेही केली. आकडा इथे लिहीत नाही, आई हल्ली मोबाइल वाचते. व्यक्तिगत संदेशात पाठवला आहे.

चोपडा४२५१०७ | ७ एप्रिल, दुपारी १:०५

मस्त लिहिलंय. एक भर घालतो, माझे पैसे गेलेत म्हणून. ऑनलाइन स्वस्तात रेडिएटर घेतला, लिहिलेलं "कॉपर". सहा महिन्यांनी पाणी गढूळ, प्रोसेसरचं तापमान रोज एकेक अंश वर. ब्लॉक उघडला तर चिरांमध्ये राखाडी गाळ. रेडिएटर निघाला अ‍ॅल्युमिनियमचा. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की बॅटरीसारखं चालू होतं, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत, "सहा महिने वापरलात की" म्हणाला. घेताना मी हुशारीने चुंबक लावून बघितलं होतं! दोन्हीला चिकटत नाही हे नंतर कळलं. त्यापेक्षा हातात घेऊन वजन बघा. तांब्या-पितळेचा ३६० हाताला जड लागतो, अ‍ॅल्युमिनियमचा उचलताच शंका येते.

रेवा०७ | ७ एप्रिल, दुपारी ३:५०

मी नवीन आहे. प्रश्न कदाचित बाळबोध असेल. पाणी आधी प्रोसेसरकडून जावं की कार्डाकडून? कार्डाने तापवलेलं पाणी प्रोसेसरला मिळालं तर त्याचं नुकसान नाही का? मधे एक रेडिएटर हवाच ना?

शिक्षिका अमळनेर | ७ एप्रिल, रात्री ९:१५

बाळबोध मुळीच नाही, मलाही हाच प्रश्न पडला होता आणि मी भौतिकशास्त्र शिकवते. गणित करू. पाणी मिनिटाला ४ लिटर फिरतंय असं धरा, म्हणजे सेकंदाला ६७ ग्रॅम. एक ग्रॅम पाणी एक अंश तापायला ४.१८ ज्यूल. ६७ गुणिले ४.१८, झाले २८० ज्यूल. ५०० वॅट म्हणजे सेकंदाला ५०० ज्यूल. ५०० भागिले २८०, उत्तर १.८ अंश. सगळी उष्णता घेऊनही पाणी पावणेदोन अंशांनीच वाढतं, आणि तेच पाणी काही सेकंदांत परत फिरून येतं. त्यामुळे क्रम कोणताही ठेवा, पाइप कमी वळेल तो. एक गोष्ट मात्र पाळायची, टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्या वर.

केळीबाग, पंप पूर्ण वेगाने चालवत असाल तर कमी करून बघा. ४ लिटरच्या वर गेलं तरी हाती फारसं लागत नाही, आवाज मात्र वाढतो.

केळीबाग | ७ एप्रिल, रात्री ९:४०

ताई, तुमच्या वर्गात बसायला हवं होतं. पंप ६० टक्क्यांवर आणला. पाणी जिथल्या तिथे, आवाज गायब. आप्पांना वाटलं बंद पडला.

रावेरी | ८ एप्रिल, सकाळी ७:२०

एवढा खटाटोप कशाला? आमच्या रायपनिंग चेंबरमध्ये १७ अंश असतं. आणून ठेव, केळीबरोबर रेंडरपण पिकेल.

केळीबाग | ८ एप्रिल, सकाळी ७:४५

आणि आर्द्रता ९० च्या वर! चार दिवसांत मदरबोर्डाला बुरशी. शिवाय मशीनची ५०० वॅटची ऊब तुमच्या केळ्यांना लागली तर व्यापारी मला शोधत येईल.

पांझराकाठ | ८ एप्रिल, सकाळी ११:००

मस्करी सोडून विचारतो. दारात रांजण आहे, उन्हाळाभर त्याचं पाणी गार. तांब्याच्या नळीचं वेटोळं त्यात सोडलं आणि कॉम्प्युटरचं पाणी त्यातून फिरवलं तर? खोलीच्या तापमानाचा प्रश्नच मिटला.

शिक्षिका अमळनेर | ८ एप्रिल, रात्री ८:५५

कल्पना चुकीची नाही, रांजण लहान पडतो. ४० लिटरचा धरा. ४० लिटर पाणी एक अंश तापायला १६७ किलोज्यूल लागतात. ५०० वॅट तासाभरात १,८०० किलोज्यूल ओततात. म्हणजे तासाला जवळजवळ ११ अंश वाढ. संध्याकाळी २५ ला असलेला रांजण जेवणं होईपर्यंत आंघोळीच्या पाण्याचा होईल. पाझरून थोडी उष्णता जाईल, पण ५०० वॅट नुसत्या बाष्पीभवनाने घालवायचे तर तासाला पाऊण लिटर पाणी उडायला हवं, तेवढं रांजण पाझरत नाही. २०० लिटरचा ड्रम असेल तर तासाला २ अंशांच्या थोडी वर वाढ. एका रात्रीचं काम होईल, दिवसा ड्रम निववायचा.

दीपनगर रिटायर्ड | ९ एप्रिल, दुपारी १२:३०

तासाला पाऊण लिटर उडवणारं यंत्र तुमच्या खिडकीतच लावलेलं आहे. डेझर्ट कूलर. आमच्या औष्णिक केंद्रातले कूलिंग टॉवर म्हणजे दुसरं काय? कोरडी हवा, ओला पृष्ठभाग, आणि थोडं पाणी उडून बाकीचं गार. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्यातला थर्मामीटर २३ दाखवतो. आपल्याकडचा मे असाच कोरडा. म्हणजे कूलरच्या टाकीतलं पाणी भरदुपारी पंचविशीत. कोकणातला माणूस हे करू शकत नाही, तिथे हवाच ओली.

दव धरण्याची भीती घालतील लोक. ओल्या थर्मामीटरचा आकडा त्या हवेच्या दवबिंदूच्या खाली कधी जात नाही. त्यामुळे टाकीच्या पाण्याने आत दव धरणार नाही. बर्फ टाकाल तर धरेल. बर्फ टाकू नका.

पांझराकाठ | ९ एप्रिल, दुपारी १२:४८

काका, जिंकलात! केळीबाग, आता रेडिएटर काढ आणि सोड कूलरच्या टाकीत.

वायरमन यावल | ९ एप्रिल, दुपारी २:१०

थांबा. दर उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरला चिकटून माणसं जातात, पेपरात वाचता ना? टाकीतला तो छोटा पंप २३० व्होल्टचा, त्याचं सील गेलं की सगळ्या पाण्यात करंट. अर्थिंग असेल तर ट्रिप होईल, पण आपल्याकडे किती घरांत अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेलं असतं? त्या पाण्यात तांब्याचा रेडिएटर सोडून दुसरं टोक कॉम्प्युटरला जोडणार? आणि कॉम्प्युटरला हात लावून बसणार? करायचंच असेल तर आधी आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा, ३० मिलिअँपिअरचा, आणि अर्थिंग मीटरने मोजून घ्या. मी तर म्हणेन करूच नका.

चोपडा४२५१०७ | ९ एप्रिल, दुपारी ४:३०

करंट राहू द्या, क्षारांचं बघा. कूलरच्या ताटीवर श्रावणापर्यंत जो पांढरा थर धरतो तोच रेडिएटरच्या जाळीत बसेल. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात, टाकीतलं पाणी रोज जास्त जड.

दीपनगर रिटायर्ड | ९ एप्रिल, संध्याकाळी ६:००

वायरमनसाहेबांचं बरोबर आहे, मी माझी सूचना मागे घेतो. आमच्याकडे टॉवरचं पाणी ठराविक प्रमाणात सोडून नवीन घ्यावं लागायचं ते याच क्षारांपायी. घरी कोण करणार?

रावेरी | १० एप्रिल, सकाळी ७:०५

बरं ते जाऊ द्या. १६ ची लॅटरल शेतात पडून आहे बंडलभर. तीच वापरली तर पाइपचे पैसे वाचतील का?

केळीबाग | १० एप्रिल, सकाळी ७:३०

आप्पांचा पहिला प्रश्न हाच होता. बाहेरून १६ असली तरी आतून १० नाही, भिंत पातळ. फिटिंगची नळी आत सैल बसते, आणि एवढ्याशा जागेत वळवली की मोडते. लॅटरल लॅटरलच्या जागी.

केळीबाग | १९ मे, रात्री १:१५

आकडे टाकतो म्हणालो होतो. काल रात्री सगळ्यात वाईट परिस्थिती मुद्दाम करून बघितली. कूलर बंद, खिडक्या बंद, पूर्ण रेंडर. खोली ४१. दोन तासांनी पाणी ५२.५, कार्ड ६५, मेमरी ८९, प्रोसेसर ८१. वेग एकदाही उतरला नाही. मागच्या वर्षी याच महिन्यात मेमरी ११० ला ठोकर खात होती. कामाच्या भाषेत सांगायचं तर एका बंगल्याचा रात्रीचा सेट सकाळी सहाच्या आत हातात, पूर्वी दुपार व्हायची.

आज कूलर लावून. टाकीत काही सोडलेलं नाही, वायरमनभाऊ. कूलर खिडकीत, बाहेरची हवा घेणारा. कॉम्प्युटर त्याच्या झोतात नाही, समोरच्या दाराशी सहा फुटांवर, दार उघडं, म्हणजे मशीनची गरम हवा जिन्यात जाते. खोली ३२, पाणी ४३, मेमरी ७९. दार बंद केलं तर अर्ध्या तासात खोली दमट, कूलर निकामी आणि पाणी परत चढायला लागतं. थोडक्यात, पाण्यावर एवढे पैसे घातल्यावर कळलं की उघड्या दाराचे ९ अंश फुकट होते.

एक तक्रार. पुढच्या जाळीवर कापसाचं पीस बसतं. गावाच्या कडेला जिनिंग आहे, फेब्रुवारीत बंद झाली तरी पीस अजून कुठून येतं देव जाणे. दर रविवारी रंगाच्या ब्रशने झाडतो. रेडिएटरच्या जाळीत गेलं तर मात्र काढणं अवघड, म्हणून फिल्टर पंख्यांच्या पुढे लावा, मागे नाही.

रेवा०७ | १९ मे, सकाळी ९:२०

अभिनंदन! पाणी बदलायचं कधी? आणि बदलताना सगळं उघडावं लागतं का?

केळीबाग | १९ मे, सकाळी १०:००

मी वर्षातून एकदा धरलंय. सगळं उघडायचं नाही. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात टी लावून एक बारीक कॉक ठेवलाय, टाकीचं झाकण सैल करून तो उघडला की बरंचसं बादलीत येतं. तो कॉक आप्पांची कल्पना. त्यांच्या हिशेबाने तो फ्लश व्हॉल्व्ह, आणि फ्लश व्हॉल्व्ह नसलेलं ड्रीप म्हणजे फसवणूक. नवीन पाणी भरण्याआधी रेडिएटर कोमट डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळखळून घ्या, नवा असेल तर पाच-सहा वेळा, आत डाग देताना वापरलेलं फ्लक्स राहिलेलं असतं.

पांझराकाठ | १९ मे, सकाळी १०:२२

फोटो टाक ना भो. दीड महिना झाला, नुसतंच वाची ऱ्हायनूत.

केळीबाग | १९ मे, रात्री १०:५०

रात्री काढला, उजेड कमी आहे. डावीकडे टाकी, मधे कार्ड, खाली तो कॉक. केसवर चिकटपट्टी दिसतेय ती आप्पांची. सँड फिल्टर धुतल्याची तारीख लिहितात तशी पाणी भरल्याची तारीख टाकलीय. त्याच्या खालची ओळ झूम करून वाचा: "टेप लावू नये."